पोटातील पीक

जालना जिल्ह्यात दाट उगवलेल्या ज्वारीत तणाला फारसा वाव मिळत नाही. पण रान मोकळे पडले, की गाजरगवत माजते. मुलांनो, आपल्या आतड्यांतही असेच एक पीक उभे असते. ते पीक जीवाणूंचे होय! मानवी शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू नांदतात. त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. ते जागा व्यापतात, अन्न संपवितात. त्यामुळे बाहेरून आलेल्या रोगजंतूंस तेथे पाय रोवणे कठीण जाते.

१९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांस पेनिसिलीनचा शोध लागला. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे त्याचा कारखाना स्थापन झाला. अशा जंतुनाशक औषधांना प्रतिजैविके म्हणतात. त्यांनी असंख्य प्राण वाचविले. परंतु शत्रू कोण व मित्र कोण, हा भेद ती फारसा जाणत नाहीत. रोगजंतूंबरोबर उपकारक जीवाणूही मरतात. मग औषधाला दाद न देणारे जंतू मोकळ्या जागेत फोफावतात. इतकेच नव्हे, तर आपला हा गुण ते शेजारच्या जीवाणूंनाही देतात. पुढे मलावाटे, दूषित पाण्यावाटे व अस्वच्छ हातांवाटे ते इतरांच्या पोटात शिरतात. एका रानातले तण असे गावभर पसरते.

सर्दीपडसे विषाणूंमुळे होते; त्यावर प्रतिजैविके निरुपयोगी ठरतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती घेऊ नयेत, दिली असता सांगितल्याप्रमाणेच घ्यावीत आणि हात नेहमी स्वच्छ धुवावेत. पोटातील पीक आज राखले, तरच उद्या खऱ्या संकटात औषध कामी येईल.