डेडलाइन आणि धावदोरा

अ‍ॅड एजन्सीत कॉपी लिहिता लिहिता मी दुपटं शिवायला घेतलं. ब्रीफ सोपं होतं, डेडलाइन बारशाची होती आणि क्लायंट होती माझी आजी!

खरं सांगते, मागच्या वर्षीपर्यंत मला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता. मास कॉमची डिग्री आहे, फ्रीलान्स जर्नालिझम करते, आठवड्यातले तीन दिवस लोअर परळच्या एका एजन्सीत कॉपीरायटर म्हणून बसते. पण कपड्यांच्या बाबतीत माझं टॅलेंट एवढंच, की एकदा पिचच्या सकाळी पँटची दुमड उसवली तेव्हा मी ती स्टेपलरने बसवली. चार पिना. पिच आम्ही जिंकलो. पाय मात्र दिवसभर टोचत होता.

मग ताईचं डोहाळजेवण आलं. आमच्या घरात प्रत्येक बाळाचं पहिलं दुपटं आजीच्या हातचं असतं. माझं अजून कपाटात आहे, दोन कोपरे विरलेत त्याचे. पण दोन वर्षांपूर्वी आजीला अर्धांगाचा हलका झटका आला. बाकी सगळं सावरलं, उजव्या हाताची पकड काही परत आली नाही. कपाची कानडीसुद्धा सुटते हातातून. डोहाळजेवणाला कुठल्याशा मावशींनी विचारलंच, ‘‘काय हो, दुपटं तयार का?’’ दोन सेकंद सगळे गप्प. आजीनं माझ्याकडे बोट दाखवलं. ‘‘ही शिवंल की!’’

सगळे हसले. तीच गोष्ट मला लागली.

आता आमच्यासारखी मुलगी काय करते? क्लास लावते. वांद्र्याला एका रविवारी पॅचवर्कचं वर्कशॉप होतं, फी २,८०० रुपये, कॉफी इन्क्लूडेड. पाव इंचाचं मार्जिन सोडायचं, तुकडे उभ्या धाग्यात कापायचे (तिरके कापले की ताणतात), तुकडा जोडला की शिवण लगेच इस्त्रीनं दाबायची. मशीनमध्ये वरचा दोरा नीट ओवला नाही की खालून दोऱ्याचा गुंता होतो, आणि बहुतेक वेळा आपण बॉबिनला दोष देत बसतो. हे सगळं मला तिथेच कळलं, आणि शिकवणाऱ्या बाई खरंच छान होत्या. पण घरी येऊन फीचा आकडा सांगितला, तेव्हा आजी बराच वेळ बोललीच नाही.

‘‘शिवायला शिकायचे पैसे देतात?’’

‘‘हॉबी क्लास आहे गं आजी.’’

‘‘आमाला शिवायचे मिळायचे. परकराला नगावर.’’

ही गोष्ट मी तुटक तुटक ऐकली होती. सलग कधीच विचारली नव्हती. पत्रकार म्हणवून घेणाऱ्या मुलीसाठी हे फारसं भूषणावह नाही, पण आहे ते असं आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतला, असं कधी झालंच नाही. आजोबा साचा खात्यात होते. संपानंतर ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. बाबा तेव्हा शाळेत. आजीनं बुगड्या मोडून सेकंडहँड शिलाई मशीन घेतलं आणि एका व्यापाऱ्याचे परकर शिवायला सुरुवात केली. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मशीन दाराशी, म्हणजे उजेड फुकटचा. परकरांची कात्रणं घरी न्यायची परवानगी होती. त्या कात्रणांच्या वाकळा झाल्या. (आजी मूळची पाटणकडची. ती गोधडी म्हणत नाही, वाकळ म्हणते.) चार वाकळा घरात आणि बाकीच्या विकल्या.

मी जिथे कॉपी लिहिते ते ऑफिसही एका बंद गिरणीच्या आवारात आहे. आजोबांची गिरणी ती नव्हे, त्यांची काळाचौकीला होती. उगाच फिल्मी करायला नको. पण आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये ‘कॅरेक्टर’ म्हणून जपून ठेवलेले लोखंडी खांब आहेत, आणि त्यांच्याखाली बसून दुपट्याचे टाके घालताना कधी कधी जरा विचित्र वाटायचं. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी काढली. तिथपासून सव्वाशे वर्षं या शहराची ओळख कापडाची होती. आणि आज या भागात माझ्या वयाच्या किती जणांना साधी हेम घालता येते?

चिंध्यांचं ग्लॅमर

गोधडीचा फंडा तसा अगदी साधा आहे. जुन्या सुती साड्यांचे थर एकावर एक घालायचे, वरून तुकडे लावायचे, आणि हे सगळं धावदोऱ्यानं एकमेकांना बांधून टाकायचं. कापूस वगैरे काही भरायचा नाही. प्रत्येक दोन थरांच्या मध्ये थोडी हवा अडकते, तीच ऊब देते. बंगालचा कांथा याच घराण्यातला. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या आफ्रिकन वंशाच्या सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात, तीसुद्धा जुन्या कपड्यांच्या तुकड्यांचीच. तिच्या कोपऱ्यांवर तिकोनी तुकड्यांचा ‘फुला’ असतो, आणि तो नसेल तर कवंदी उघडी, नागडी समजतात. जपानच्या उत्तरेकडच्या गरीब शेतकऱ्यांचं ठिगळावर ठिगळ लावलेलं ‘बोरो’ आता संग्राहक जपून ठेवतात. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या, आणि २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. जगभर तीच गोष्ट. थंडी असते, पैसा नसतो, आणि कापड टाकवत नाही. कौतुक फार नंतर येतं.

हे सगळं मी ऑफिसमध्ये सांगत सुटले आणि इथेच घोळ झाला. पुढच्याच महिन्यात एक होम फर्निशिंगवाला क्लायंट आला. त्यांचं नवीन कलेक्शन म्हणजे गोधडीसारखी दिसणारी बेडकव्हर्स. टाके छापलेले! कापड पॉलिस्टरचं. आमच्या क्रिएटिव्ह डायरेक्टरनं सगळ्यांसमोर माझ्याकडे पाहून स्माइल दिलं. ‘‘धिस इज सो यू!’’

मी नाही म्हणू शकले असते का? म्हणू शकले असते. तीन दिवसांच्या काँट्रॅक्टवर असलेल्या माणसाला जेवढं म्हणता येतं तेवढं. मी लाइन लिहिली: ‘आजीच्या मायेची ऊब, आता तुमच्या बेडरूममध्ये’. पहिल्याच राउंडला अप्रूव्ह झाली, जे माझ्या आयुष्यात फारसं होत नाही. त्या रात्री मी डोंबिवलीला घरी येऊन आजीला फोटो दाखवला.

‘‘केवढ्याला?’’

‘‘साडेचार हजार.’’

‘‘चिंध्यांचे?’’

‘‘चिंध्या नाहीत गं. छापलंय. टाक्यांसारखं दिसतं फक्त.’’

ती इतकी हसली की ठसका लागला. मला तेवढं हसू आलं नाही. ती लाइन अजून माझ्या पोर्टफोलिओत आहे, काढायची राहिलीय.

कंट्रोल झेड कुठंय?

दुपटं मी सुरू केलं ते मात्र अगदी प्रोफेशनली. आधी कॉम्प्युटरवर लेआउट केला, कलर पॅलेट ठरवली: आजीच्या एका हिरव्या नऊवारीचा, आईच्या दोन मऊ मलमलच्या साड्यांचा आणि बाबांच्या पांढऱ्या झब्ब्याचा बेस. डिझाइनला ‘पॉप’ हवा म्हणून मंगलदास मार्केटमधून अर्धा मीटर लाल सुती कापड आणलं. आजी म्हणाली, नवं कापड कशाला, आणि आणलंच आहेस तर आधी दोन पाण्यातून काढ. मी हो म्हटलं.

नऊवारी कापताना हात धजेना. आजीच म्हणाली, ‘‘काप. मी आता नेसणार हाय का ती?’’ कात्रीचा आवाज फार मोठा वाटला मला.

वरचा थर मशीनवर शिवून पूर्ण केला. गांधीजींची यंत्रांवर किती टीका, पण १९२४ मध्ये त्यांनीसुद्धा सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद केला होता, तर मी कोण! मग चार थर जमिनीवर अंथरले, कोपऱ्यांवर डबे ठेवले आणि कच्चा दोरा न घालताच सुरुवात केली. ही पहिली चूक. टाके मात्र हाताचे. आजीचा तेवढाच हट्ट होता. लोकलमध्ये डोंबिवली ते करी रोड हा माझा शिवणाचा तास झाला. लेडीज डब्यात मेथी निवडणाऱ्या बायका असतात, क्रोशावाल्या असतात, त्यात मी एक. चौथ्या दिवशी समोरच्या काकूंनी न विचारता माझ्या मधल्या बोटात अंगुस्तान घातलं. ‘‘रक्त लागतंय बाळाच्या कपड्याला.’’ ठाण्याला त्या उतरून गेल्या, अंगुस्तान माझ्याकडेच राहिलं.

ऑफिसमध्ये कॉलवर असताना म्यूट करून टाके घालायचे. सुरुवातीला लोकांना गंमत वाटली, मग आमच्या आर्ट डायरेक्टरनं स्वतःच्या शर्टाचं बटण आणून दिलं. ते मी लावलं. त्यानंतर रांग लागली.

आणि मग, दोन तृतीयांश काम झाल्यावर, मधोमध फुगा आला. चांगला टपोरा, वाटीएवढा. कडेकडून शिवत आत येत होते आणि वरचं कापड सरकत सरकत मध्ये गोळा झालं. मी यूट्यूब पाहिलं. तिथे सगळे सांगतात, मधून सुरू करा आणि बाहेर जा. मी ते आजीला ऐकवलं. ती म्हणाली, आम्ही आयुष्यभर कडेनंच शिवलं, फुगा कधी आला नाही.

दोघंही बरोबर होते, हे कळायला मला एक अख्खा रविवार लागला. आजीच्या पद्धतीत वरचा थर आधी तयार नसतोच. कडेचा एक तुकडा ठेवायचा, तळहातानं सपाट करायचा, शिवायचा, मग त्याला खेटून पुढचा. कापड सरकलं तर पुढच्या तुकड्यात ते सामावून जातं, कारण तो अजून कापलेलाही नसतो. वर्कशॉपच्या पद्धतीत वरचा थर अखंड तयार असतो, म्हणून जास्तीचं कापड बाहेर ढकलत मधून सुरुवात करावी लागते. मी लेआउट एकीचा घेतला आणि रूट दुसरीचा. क्लायंटनं अशी गल्लत केली असती तर मी मीटिंगमध्ये डोळे फिरवले असते.

‘‘उसव,’’ आजी म्हणाली.

‘‘सगळं?’’

‘‘मधलं. कडा ऱ्हाऊ दे, कडा बऱ्या आल्यात.’’

तीन आठवड्यांचे टाके मी दोन रात्रींत उसवले. मधले लेआउटचे चौकोन सोडवले आणि आजीच्या शेजारी जमिनीवर बसले. तिचा उजवा हात मांडीवर पडलेला. डावा तळहात ती कापडावरून फिरवायची आणि जिथे थांबायची तिथे मी सुई घालायची. तिला माझ्या टाक्यांची लांबी पटत नव्हती, मोठे पडायचे. ‘‘बाळाचं बोट आडकंल,’’ म्हणायची. गाठी आत दडवायच्या, त्याचंही कारण तेच. त्या दोन-तीन रात्रींत तिनं व्यापाऱ्याचं नाव सांगितलं, हिशोबात तो कसे पैसे मारायचा ते सांगितलं, आणि वाकळ शिवायला बायका जमायच्या तेव्हा कोण काय गायचं तेही. एका वाकळेचं गिऱ्हाईक पैसे न देताच गेलं होतं. चाळीसहून जास्त वर्षं झाली, तिला अजून राग आहे. मी लिहून घ्यायला वही आणली, तर म्हणाली, ‘‘आधी टाका पुरा कर.’’

ताईला मुलगी झाली. बारसं बाराव्या दिवशी, आणि शेवटचा कोपरा मी त्या सकाळी साडेसहाला संपवला. मध्ये अजून थोडा उंचवटा आहे. हात फिरवला तर लागतो. आजीनं दोन्ही बाजू उलटून पाहिल्या, डाव्या हाताच्या नखानं एक टाका खरवडला आणि ‘‘टिकंल’’ म्हणाली. आमच्याकडे यापेक्षा मोठं अप्रूव्हल नाही.

पाळण्यात ठेवल्यावर पंधरा मिनिटांत बाळानं दुपटं भिजवलं. दुसऱ्या दिवशी आईनं ते धुवायला घातलं, आणि संध्याकाळी दोरीवरून काढताना माझ्या लक्षात आलं. लाल कापड दोन पाण्यातून काढायचं राहून गेलं होतं. बाबांच्या पांढऱ्या झब्ब्याचे तीन तुकडे आता गुलाबी आहेत. मिठाच्या पाण्यात ठेवून पाहिलं, रंग काही गेला नाही.