गुरूची जीभ आणि गुरूचा हात

वैद्यकाचा विद्यार्थी रोग ग्रंथांतून शिकतो. रोग्याशी वागणे मात्र वरिष्ठ डॉक्टरांकडे पाहून. अमेरिकेत बाल्टिमोरला १८९३ साली निघालेल्या जॉन्स हॉप्किन्स वैद्यकीय विद्यालयात दोन भिन्न स्वभावांचे गुरू होते. ऑस्लर हसतमुख, विद्यार्थ्यांना रोग्याच्या खाटेपाशी नेऊन शिकवीत. शस्त्रवैद्य हॉल्स्टेड अबोल. बोललेच तर झोंबणारे. पण शस्त्र चालविताना त्यांचा हात अत्यंत हळुवार असे. जंतुनाशकाने परिचारिकेचे हात सोलवटतात हे पाहून १८९० च्या सुमारास तिच्यासाठी रबरी हातमोजे करवून घेतले, तेही त्यांनीच. गोड वाणी हवीच. परंतु आम्हांस वाटते, विद्यार्थ्याने गुरूच्या जिभेपाशी न थांबता त्याचा हातही पाहावा. उद्या आपल्या अंगाला लागायचा तो हाच हात!