दूती व कुंटीण
नायक व नायिका यांचे निरोप परस्परांस पोहोचवून त्यांचे मीलन घडवून आणणारी स्त्री ती दूती. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील ‘पारदारिक’ या अधिकरणात तिचे आठ प्रकार सांगितले आहेत. उद्देश कळताच सर्व कार्य स्वबुद्धीने सिद्धीस नेणारी ती निसृष्टार्था व केवळ निरोप पोहोचविणारी ती पत्रहारी. स्वयंदूती मात्र दुसरीचे काम घेऊन जाते आणि नायकाला स्वतःच वश करू पाहते. विधवा, दैव सांगणारी, दासी, भिक्षुकी व कारागीर स्त्री यांना वात्स्यायन या कामी योग्य मानतो, कारण त्यांना कोणत्याही घरात सहज विश्वासाने प्रवेश मिळे. भवभूतीच्या मालतीमाधवातील कामंदकी ही बौद्ध परिव्राजिका याचे उत्तम उदाहरण होय. गाथासप्तशतीतील अनेक गाथाही दूतीच्याच तोंडी आहेत.

वेश्याव्यवसायातील मध्यस्थ स्त्रीस संस्कृतात कुट्टनी म्हणत. काश्मीरच्या जयापीड राजाच्या पदरी असलेल्या दामोदरगुप्ताच्या कुट्टनीमत या काव्यात विकराला ही वृद्ध कुट्टनी मालती नावाच्या गणिकेस व्यवसायाचे धडे देते. मराठी ‘कुंटीण’ हा शब्द यावरूनच आला. फार्सी ‘खाना’ जोडून ‘कुंटणखाना’ झाला. ‘सखी तिची दूती झाली’ या वाक्यात कौतुक असते, तर ‘ती कुंटीण आहे’ ही शिवी ठरते. प्रत्यक्षात दोघींचे काम पुष्कळदा एकच असे. विवाह जुळविणाऱ्यास मात्र, तो पुरुष असो वा स्त्री, ‘मध्यस्थ’ म्हणतात.