बर्फाचा गोळा आणि ग्रंथप्रामाण्य

२०१४ हे साल तोवरचे सर्वांत उष्ण ठरले, असे शास्त्रज्ञांनी सांगितले. त्याला उत्तर म्हणून २६ फेब्रुवारी २०१५ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये जेम्स इनहोफ यांनी चक्क बर्फाचा गोळा आणला! जगभरच्या नोंदींपुढे वॉशिंग्टनच्या एका दिवसाची थंडी. आणि हे गृहस्थ सिनेटच्या पर्यावरण समितीचे अध्यक्ष होते.

आम्हांस गोळ्यापेक्षा त्यामागची श्रद्धा महत्त्वाची वाटते. ऋतुचक्र थांबणार नाही, या बायबलातील वचनाचा दाखला त्यांनी २०१२ सालीच दिला होता. जानेवारी २०१५ मध्ये ‘हवामानबदल खरा आहे’ या ठरावाच्या बाजूने त्यांनी मतही दिले. हवामान पूर्वीपासून बदलत आले, त्याला बायबलचाही पुरावा आहे, हे त्यांना मान्य. मात्र माणूस ते बदलतो म्हणणे म्हणजे उद्धटपणा! ग्रंथाशी जुळेल तेवढा पुरावा घ्यायचा, बाकीचा सोडायचा. (त्यांचे ओक्लाहोमा हे खनिज तेलाचे राज्य, हेही ध्यानात असू द्यावे.)

पण दोष एकट्या बायबलच्या माथी मारणे आम्हांस पटत नाही. टेक्सासमधील हवामानशास्त्रज्ञ कॅथरीन हेहो याच पंथाच्या श्रद्धावान ख्रिस्ती, पाद्र्याच्या पत्नी. पृथ्वी माणसामुळेच तापते आहे, हे त्या चर्चमध्ये जाऊन तापमानाच्या नोंदींसह सांगतात.