जागृतीचं फळ कुठे दिसतं?

ठाणे असो की कल्याण-डोंबिवली, आपल्या सभांमध्ये जागृती म्हटलं की अश्रू आणि मोठ्याने प्रार्थना एवढंच आठवतं. ज्याला रडू येत नाही तो स्वतःला कोरडा समजून मागच्या बाकावर बसतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली हे सगळं घडलं. (पुणे सोडल्यावर दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं, जमलं तर जाऊन या.) मुली रडल्या, पापं कबूल केली. पण पौल गलतीकरांना आत्म्याचं फळ सांगतो, तेव्हा प्रीती, सहनशीलता, इंद्रियदमन मोजतो. अश्रू मोजत नाही. मग केडगावात फळ शोधायचं कुठे? मी म्हणेन, छापखान्यात. पंडिता रमाबाई संस्कृतच्या विदुषी. तरी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणताना त्यांनी भाषा धरली ती कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशी. आश्रमातल्या मुली-बायांनी खिळे जुळवले. वर्षानुवर्षं तेच काम! एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. बायबल बाहेर पडलं १९२४ साली. त्या जागृतीला तोवर एकोणीस वर्षं झाली होती.