जिन्याखालची राणी

बी.एस्सी.ला शरीरक्रियेचा पेपर वेगळा, परिसरशास्त्राचा वेगळा, वर्तनाचा तिसराच. मुलांना मग वाटतं, प्राणीही असेच कप्प्याकप्प्यांत जगतात. म्हणून मी त्यांना आधी कॉलेजच्या जिन्याखालचं गांधीलमाश्यांचं पोळं दाखवते. (शिपाईमामांना ते जाळायचं असतं. ते वाचवणं हाही प्रात्यक्षिकाचाच भाग.)

ही रोपालिडिया मार्जिनाटा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी कित्येक दशकं हिचा अभ्यास केला. माश्यांना रंगाचे ठिपके द्यायचे आणि कोण काय करतं ते टिपत बसायचं. महागडं यंत्र लागत नाही, चिकाटी लागते. आमच्या मुलांना नेमकी तीच जड जाते.

राणी म्हणजे दांडगाई करणारी असणार, असं सगळ्यांना वाटतं. ही तर गरीब गाय! पण तिला बाजूला काढा, लगेच एक कामकरी माशी इतरांवर धावून जाऊ लागते. राणी परत आली नाही, तर काही दिवसांत तीच अंडी घालू लागते आणि हळूहळू निवते.

मग राणीचा वचक कशाचा? गंधाचा. पोटातल्या डुफोर ग्रंथीचा स्राव ती पोट घासत पोळ्यावर लावत असते. ग्रंथी शरीरक्रियेच्या पुस्तकात, अंडी कोणी घालायची हे वर्तनाच्या. आणि व्हेस्पा ट्रॉपिका ही थोराड गांधीलमाशी येऊन पोळ्यातल्या अळ्या पळवते, ते परिसरशास्त्रात. परीक्षेत मात्र प्रश्न येतो: ‘डुफोर ग्रंथी – टीप लिहा.’