ताडोबातील सफारी : जंगल वाचणाऱ्या माणसांविषयी

‘सफर’ आणि ‘सफारी’ हे सख्खे भाऊ आहेत. अरबीत ‘सफर’ म्हणजे प्रवास. फारसीच्या वाटेने हा शब्द आपल्याकडे आला आणि ‘सफर’ म्हणूनच रुळला. दुसऱ्या वाटेने तो अरब व्यापाऱ्यांबरोबर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला, स्वाहिली भाषेत ‘सफारी’ झाला, तिथे शिकारीसाठी आलेल्या इंग्रजांनी तो उचलला आणि इंग्रजीतून तो आपल्या दारात आला. वाघाच्या मागावर जाण्यासाठी आपल्याकडे शब्दांची वाण कधीच नव्हती. शिकार, हाका, मचाण, माग, गारा असा सगळा संसार भाषेत मांडलेला होता. बंदूक गेली, कॅमेरा आला आणि तो संसार एका आफ्रिकी शब्दात गुंडाळला गेला.

या स्थित्यंतरात एक माणूस मात्र जागचा हलला नाही. वाघ कुठे असेल हे सांगणारा स्थानिक माणूस. शिकारकथांमध्ये त्याला बहुधा नाव नसते. साहेब किंवा राजेसाहेब नेम धरतात, त्याआधी ‘एका गोंडाने खबर आणली’ एवढ्या अर्ध्या ओळीत त्याचे काम संपते. आज तोच माणूस खाकी गणवेश घालून जिप्सीत चालकाच्या शेजारी बसतो आणि आपण त्याला ‘गाइड’ म्हणतो. मी प्राणिशास्त्र शिकलेलो नाही. नोकरी सांभाळून, सुट्ट्या साठवून, वह्या भरत जे शिकलो ते याच माणसांकडून. सफारीत पाहुण्याला नेमके काय मिळते आणि त्यातले काय हातातून निसटू लागले आहे, याची मांडणी ताडोबाच्या आधारे करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तारूचे जंगल

चंद्रपूर जिल्ह्यातल्या या जंगलाचे नाव तारू या गोंड गावप्रमुखावरून पडले, असे परंपरा सांगते. तारू वाघाशी झुंजताना मारला गेला आणि देव झाला. ताडोबा तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौष महिना ही त्याच्या जत्रेची वेळ. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या राष्ट्रीय उद्यानाचे नाव वाघाने मारलेल्या माणसाचे आहे, ही गोष्ट पुढच्या सगळ्या विवेचनात लक्षात ठेवावी अशी आहे.

११६.५५ चौरस किलोमीटरचे हे उद्यान १९५५ साली जाहीर झाले. १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. गाभा क्षेत्र सव्वासहाशे चौरस किलोमीटर आणि २०१० मध्ये त्याभोवती आखलेले बफर क्षेत्र सुमारे अकराशे. गाभ्यात माणसाला वस्तीची आणि वापराची मुभा जवळपास नाही. बफरमध्ये मात्र गावे, शेते, गुरे आणि वाघ एकत्र नांदतात, किंवा नांदवले जातात.

पाहुणा आत जातो तो मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, पांगडी, झरी यांसारख्या दारांतून. नोंदणी ऑनलाइन, ओळखपत्र सोबत, सकाळची एक फेरी आणि दुपारची एक. उघड्या जिप्सीत सहा पाहुणे, एक चालक आणि एक गाइड. गाइड सक्तीचा आणि तो परिसरातल्या गावांमधलाच. मंगळवारी सुट्टी, पावसाळ्याचे तीन महिने गाभा बंद. खाली उतरायचे नाही, ओरडायचे नाही. हे नियम सगळीकडे छापलेले असतात, त्यामुळे त्यात अधिक शिरत नाही. छापलेले नसते ते गाइडच्या डोक्यात चाललेले काम.

मातीवरची अक्षरे

वाघाला रस्ता आवडतो. त्याच्या पायाची गादी मऊ असते. काटेकुटे आणि सागाच्या वाळक्या, कर्रकर्र वाजणाऱ्या पानांपेक्षा धुळीची वाट त्याला सोयीची. शिवाय स्वतःच्या इलाख्याची हद्द राखायला त्याला रोज गस्त घालावी लागते. म्हणून पहाटेचा पहिला मजकूर रस्त्यावरच लिहिलेला असतो.

चार बोटे, मागे तीन पाळ्यांची गादी आणि नखांची खूण नाही. वाघ नखे आत ओढून चालतो, कुत्र्याची नखे मात्र उमटतात. पुढचा पंजा मोठा, मागचा लहान. मागच्या पंजाचा ठसा चौकोनात बसत असेल तर बहुधा नर, लांबट असेल तर मादी. इथवर पुस्तकात मिळते. गाइड याच्या पुढे जातो. ठशावर रातकिड्यांच्या पायांची नक्षी उमटली असेल, तर वाघ रात्री केव्हातरी गेला. झाडावरून टपकलेल्या दवाचे खड्डे ठशात असतील, तर तो दव पडण्याच्या आधीचा. ठसा दवाने भिजलेल्या धुळीवर कोरा उमटला असेल, तर पहाटेचा. आणि आपल्या पुढे गेलेल्या जिप्सीच्या चाकावर ठसा पडला असेल, तर जिप्सी थांबवून गप्प बसायचे.

एका वयस्क गाइडने मला पहिल्याच फेरीत सांगितले होते, “वाघ दिसन का नाही, ते नाही सांगता येत जी. पण राती कुठून गेला, ते दाखवतो.” सफारीची याहून प्रामाणिक व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही.

माग संपतो तिथे कान सुरू होतात. चितळ शेपटी वर करून, पुढचा पाय आपटत ‘कुक्’ असा तीक्ष्ण आवाज काढते. पण चितळ भित्रे. बिबट्याला, रानकुत्र्याला, कधी नुसत्या संशयालाही ते ओरडते. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरतो. त्याला लांबचे दिसते, म्हणून गाइड आधी वानराचे तोंड कुठल्या दिशेला आहे ते पाहतो. सांबर मात्र सहसा उगाच बोलत नाही. त्याचा ‘पोंक’ असा घुमणारा आवाज पुन्हा पुन्हा आला की अनुभवी माणसाची पाठ ताठ होते. आवाज जागा बदलत गेले तर वाघ चालतो आहे. एकदम थांबले तर तो बसला, किंवा दिसेनासा झाला. चार-पाच साक्षीदारांच्या जबान्या जुळवून गाइड गाडी एखाद्या वळणावर उभी करतो. वाघ आलाच तर पाहुणे म्हणतात, नशीब चांगले.

तिसरी साक्ष नाकाची. वाघ झाडाच्या बुंध्यावर जो फवारा मारतो, त्याला शिजत्या सुवासिक तांदळाचा वास येतो. हा निव्वळ भास नव्हे. बंगालमधले शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फवाऱ्यात जो घटक शोधला, तोच बासमतीच्या आणि आपल्या आंबेमोहोराच्या सुगंधामागे असतो. गाइड नाक वर करून “भाताचा वास येऊन रायला” म्हणतो, तेव्हा तो रसायनशास्त्राचे एक वाक्यच उच्चारत असतो.

ही विद्या आली कुठून

ही विद्या वर्गात मिळत नाही. वनखाते गाइडना प्रशिक्षण देते, त्यात कायदा, पक्ष्यांची नावे, पाहुण्यांशी वागण्याची रीत असते. ते उपयोगाचे आहेच. पण आज पन्नाशीच्या आसपास असलेले गाइड लहानपणी या जंगलात गुरे राखत होते. मार्च-एप्रिलमध्ये उजाडण्याआधी मोहफुले वेचायला जात होते, मे महिन्यात तेंदूपाने तोडत होते, बांबू वाहत होते. भल्या पहाटे मोहाखाली वाकून फुले वेचणाऱ्या पोराला सांबराची हाक कळणे ही हौस नव्हती. ती न कळणे परवडणारे नव्हते.

आणि त्यातले काही जण आता ज्या गावांतून गाडी नेतात, ती गावे उरलेली नाहीत. बोटेझरी, कोळसाचा काही भाग, नवेगाव, जामणी ही गाभ्यातली गावे २००७ नंतर टप्प्याटप्प्याने बाहेर वसवण्यात आली. गावाची सपाट, मोकळी, वर्षानुवर्षे कसलेली जमीन गवताला फार मानवते. तण काढून खात्याने ती राखली की गवत माजते, गवतावर चितळांचे कळप येतात, कळपांमागे वाघ येतो. म्हणून जामणी आणि नवेगावची कुरणे आज वाघ दिसण्याच्या हमखास जागा मानली जातात. पाहुण्याच्या छायाचित्रात वाघामागे जे सोनेरी गवत असते, तिथे कुणाची तरी धुऱ्याची वाटणी झालेली होती.

पुनर्वसन चूक होते, असे माझे म्हणणे नाही. शाळा, दवाखाना, रस्ता आणि रात्रीची झोप हवी म्हणून अनेक कुटुंबे स्वतःहून बाहेर पडली. वाघांनाही त्याचा फायदा झाला. महाराष्ट्रात २००६ च्या गणनेत १०३ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४. त्या वर्षी ताडोबा प्रकल्पाच्या आतच ९७ मोजले गेले. पण हिशेबाच्या दुसऱ्या बाजूलाही एक ओळ लिहायला हवी. जंगल वाचणारी माणसे जिथे घडत होती, ती शाळा याच काळात बंद झाली.

‘सायटिंग’चा बाजार

गाइडची भाषा गेल्या काही वर्षांत कशी बदलली, हे मी वह्यांमधून ताडून पाहिले. जुन्या नोंदींत ‘माग’, ‘गारा’, ‘बोडी’, ‘खबर’ हे शब्द दिसतात. आता ‘कॉल’, ‘किल’, ‘मूव्हमेंट’, ‘हेड-ऑन’ आणि सगळ्यांवर राज्य करणारा ‘सायटिंग’. शब्द बदलले म्हणून मी गळा काढणार नाही, भाषा अशीच चालते. मात्र ‘माग’ हा शब्द प्रक्रियेचा आहे आणि ‘सायटिंग’ निकालाचा. माग काढताना दव, किडा, वानर, वारा या सगळ्यांना अर्थ असतो. सायटिंग मोजताना उरतो फक्त वाघ, तोही शक्यतो नावाचा.

नावाजलेल्या वाघांचा हा ओघ ताडोबात मोठा आहे. पाणवठ्यावर ‘माया’ वाघिणीला पाहायला लोक देशभरातून येत. एखादी वाघीण बसली आहे हे एका गाडीला कळले की गाड्यांची रांग लागते. तिथे गाइडला वाचायचे काहीच नसते. पुढच्या गाडीच्या मागे जायचे असते. तरुण गाइड हेच पाहत शिकतो. पाहुणा बक्षिसी वाघ दिसल्यावर देतो, ठसा समजावून सांगितल्यावर क्वचित देतो. बाजार ज्याला भाव देतो तेच कौशल्य टिकते.

कायद्याने या गर्दीला काही बांध घातले आहेत. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गाभ्यातल्या पर्यटनावर तात्पुरती बंदी आणली. १६ ऑक्टोबरला ती उठली, ती नव्या मार्गदर्शक सूचनांसह : गाभ्याच्या वीस टक्क्यांहून अधिक क्षेत्र पर्यटनाला खुले ठेवायचे नाही. त्यामुळे गाभ्याचा मोठा भाग निवांत राहिला. पण उरलेल्या वाटांवर पाहुण्याने काय पाहावे, हे न्यायालय ठरवू शकत नाही.

गाडीबाहेरचे वाघ

२० नोव्हेंबर २०२१ रोजी याच जंगलात, कोलारा वनपरिक्षेत्रात, एक महिला वनरक्षक सहकाऱ्यांसह पायी फिरून वाघांच्या खुणांची नोंद घेत होती. २०२२ च्या राष्ट्रीय गणनेसाठीचे ते काम होते. वाटेत वाघीण होती. वनरक्षक परतली नाही. हल्ला माया वाघिणीने केल्याचे सांगितले गेले, तीच पाणवठ्यावरची माया. वर मी ९७ हा आकडा सहज लिहून गेलो. कॅमेऱ्यांनी पट्टे ओळखून तो काढला हे खरे, पण कॅमेरे कुठे बांधायचे हे ठरवायला आधी कुणाला तरी पायी जाऊन मातीवरची अक्षरे वाचावी लागतात.

बफरमधल्या गावांत हा धोका रोजचा. तेंदूपानांच्या हंगामात चंद्रपूर जिल्ह्यात बायामाणसांवर हल्ले झाल्याच्या बातम्या जवळजवळ दर वर्षी येतात. पानांचा पुडका बांधणारी बाई वाकलेली असते, बसलेली असते, वाघाच्या नजरेला ती माणसाच्या उंचीची दिसत नाही. सकाळी पाहुण्यांना वाघ दाखवणाऱ्या गाइडची आई किंवा बायको त्याच वेळी त्याच जातीच्या जनावराच्या शेजारी पाने तोडत असते. आपण पैसे देऊन ज्याला शोधतो, त्याला टाळण्यासाठी ती कान टवकारून असते. दोन्हीकडे लागणारी विद्या एकच आहे.

म्हणून ही विद्या टिकणे हा स्मरणरंजनाचा मामला नाही. सांबर कुठल्या दिशेने ओरडले हे ओळखणारे कान गावात जितके जास्त, तितकी गावे सुरक्षित. गुराखीपण संपत चालले आहे, मोहफुले वेचणारी पोरे आता शाळेत जातात आणि जायलाच हवीत. मग ही विद्या पुढच्या पिढीला शिकण्याची जागा उरते ती सफारीची गाडी. आता या कामात मुलीही आल्या आहेत, मोहर्ली-कोलाऱ्याच्या दारांवर महिला गाइड दिसतात, ही आशेची बाब. आपल्या आयांकडून ऐकलेले त्यांच्या कामी येताना मी पाहिले आहे.

यात पाहुण्याचा वाटा मोठा आहे, कारण मागणी त्याची असते. दारातून आत शिरताना पहिला प्रश्न “वाघ दिसेल ना?” असा न करता “रात्री काय काय घडले, ते दाखवा” असा केला, तर गाइडचा चेहरा बदलतो, असा माझा अनुभव आहे. तो गाडी हळू घ्यायला सांगतो. ऐनाच्या मगरपाठी सालीवरचे अस्वलाचे ओरखडे, वारुळाचे ताजे खोदकाम, मोहर्लीच्या रस्त्याकडेचे गोंडकालीन दगडी खांब, असे एकेक पान उलटत जातो. बक्षिसी द्यायचीच असेल तर ती अशा वाचनाला द्यावी, वाघ दिसो वा न दिसो. तरुण गाइड ते पाहतो आणि दुसऱ्या दिवशी दवाचे खड्डे जरा वाकून बघतो.